डोंगरावर वणवा: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी सरला की येऊर, मुंब्रा, पारसिक, गवळीदेव, खारघर आणि पुढे बदलापूर-मुरबाड-शहापूरपर्यंतच्या डोंगरांवर कुठे ना कुठे धूर दिसायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरतात, "अरे कुणीतरी फोन करा" असं सगळेच लिहितात आणि फोन मात्र कुणीच करत नाही. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. शहरातल्या आणि गावाकडच्या, दोघांसाठीही.

एवढा पाऊस पडणाऱ्या ठाणे जिल्ह्यात वणवा लागतोच कसा?

पाऊस पडतो म्हणूनच. चार महिने धो धो कोसळल्यावर उघड्या डोंगरउतारांवर गवत कमरेएवढं, काही ठिकाणी डोक्याएवढं वाढतं. ऑक्टोबरच्या उन्हात ते पिकतं, डिसेंबरात पिवळं पडतं आणि पुढचे पाच-सहा महिने थेंबही पडत नाही. साग, ऐन, पळस ही आपल्याकडची पानगळीची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात. म्हणजे वर वाळलेलं गवत आणि खाली पाचोळ्याचा थर. जाड ओंडका वाळायला आठवडे लागतात, पण गवताची काडी तासाभराच्या उन्हात कोरडी होते. सकाळी दवाने ओलं असलेलं रान दुपारी बारानंतर काडी लावायची खोटी, की पेटतं.

त्यात दुपारचा वारा. खाडीकडून येणारा समुद्री वारा पश्चिमेला तोंड केलेल्या उतारांवर थेट आदळतो, आणि पारसिकची रांग असो वा खारघरचा डोंगर, शहराकडची बाजू नेमकी तीच. पायथ्याच्या रस्त्याकडेला लागलेली आग वाऱ्यावर वरच चढते. चढावर आगीचा वेग किती वाढतो याचा ढोबळ हिशेब असा: उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे ते आधीच भाजून निघतं आणि मग भप्पकन पेटतं.

पण ती लागते की लावली जाते?

आपल्याकडे जवळपास नेहमीच माणसाच्या हातून. फांद्यांवर फांद्या घासून आग लागते ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते, पण आपल्या रानात ती विसरलेलीच बरी. विजेने लागावी, तर ऐन उन्हाळ्यात आपल्याकडे विजा पडतात कुठे? वळवाच्या विजा येतात त्या पावसासकट.

कारणं ओळखीची आहेत. फेकलेली विडी-सिगारेट, पार्टीनंतर न विझवलेली चूल, रस्त्याकडेला पेटवलेला कचरा, उडालेला फटाका, मधाचं पोळं काढताना टाकून दिलेला पेटता चुडा. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. कुसळं गुरांच्या तोंडात आणि माणसांच्या पायात घुसतात म्हणून गवत पेटवतात. ससा-डुक्कर बाहेर काढायला रान पेटवणारे शिकारी आहेत. आणि काही जण निव्वळ गंमत म्हणून काडी लावतात, हेही सांगायलाच हवं.

आदिवासी राब भाजतात म्हणून वणवे लागतात, हे खरं का?

अर्धवट खरं, आणि अर्धवट खरं सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो.

राब म्हणजे भाताची रोपं तयार करायच्या जागेवर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या (कवळ), गवत-पाचोळा असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि पावसाआधी ते भाजायचं. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. ठाणे-रायगडच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत पिढ्यान् पिढ्या हे चालत आलंय. वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी, आगरी, कुणबी, सगळेच करत आले. नीट भाजलेला राब त्या वाफ्याच्या बाहेर जात नाही, कारण शेजारी स्वतःचंच रान आणि स्वतःचंच घर असतं. भर दुपारी, वाऱ्यात, एकट्याने पेटवून माणूस घरी जेवायला गेला, तर मात्र तोच राब डोंगर जाळतो. तसं होतंही.

पण खारघरच्या पायथ्याला किंवा येऊरच्या वाटेवर लागणाऱ्या आगी राबाच्या नसतात. तिथे शेताऐवजी बाटल्या सापडतात. वर फणसवाडी, चाफेवाडीसारख्या वाड्यांतली माणसं डोंगर पेटल्यावर सगळ्यात आधी धावतात, कारण गुरांचा चारा त्यांचा जातो.

राब भाजायचाच असेल तर कसा?

सकाळी, वारा पडलेला असताना. वाफ्याभोवती दोन-तीन मीटर पट्टा अगदी मातीपर्यंत खरवडून घ्या, गवताचं मूळही ठेवू नका. वाऱ्याची दिशा बघून आग अशा बाजूने लावा की ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकेल. राबही त्यानेच चांगला भाजतो. पाण्याचे हंडे आणि हिरव्या डहाळ्या हाताशी हव्यात, किमान दोन-तीन माणसं हवीत आणि रान लागून असेल तर वनरक्षकाला आदल्या दिवशी कळवलेलं बरं.

सगळ्यात जास्त गफलत विझवण्यात होते. वरून राख पांढरी दिसते, आत शेणी आणि खोडाचा बुंधा धुमसत असतो, आणि संध्याकाळच्या झुळकीला ठिणगी उडते. पाणी ओता, फावड्याने वर-खाली करा, परत पाणी ओता. मग हाताची मागची बाजू राखेजवळ धरा. ऊब लागली तर विझलेलं नाही.

राब न भाजताही रोपं होतात. गादीवाफ्यावर, कुजलेलं शेणखत घालून. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) या भातलागवडीच्या पद्धतीत तर बी थेट गादीवाफ्यावर टोकतात, रोपवाटिका आणि लावणी दोन्ही वाचतात. मात्र तणाचं व्यवस्थापन शिकून घ्यावं लागतं, ते फुकट होत नाही.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं ना?

पहिल्या पावसात हिरवंगार दिसतं खरं, त्यामुळे ही समजूत जात नाही. राखेतून थोडी खनिजं मिळतात, पण गवतातला बराचसा नत्र धुरातून उडून जातो आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती जूनच्या पहिल्या सरींत ओढ्यात उतरते. दरवर्षी जाळत राहिलं की गुरांना आवडणारं मऊ गवत मागे पडतं आणि आगीला न जुमानणारी राठ, कुसळी जात उरते. म्हणजे कुसळ जावं म्हणून जाळायचं आणि कुसळच वाढवायचं.

वणव्याचा हंगाम नेमका कधी?

वनखात्याच्या हिशेबाने १५ फेब्रुवारी ते १५ जून. आपल्या भागात सगळ्यात वाईट काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. मेमध्ये हवेत दमटपणा वाढतो आणि बरंचसं रान तोवर जळूनही गेलेलं असतं.

वनखातं स्वतःच गवत जाळताना दिसलं. हे कसं चालतं?

त्या जाळरेषा. हंगाम सुरू व्हायच्या आधी रस्त्याकडेने, हद्दीवर, डोंगराच्या धारेवर ठरावीक रुंदीचा पट्टा कापतात आणि माणसं उभी करून जाळतात, म्हणजे मोठी आग तिथवर आली की तिला पुढे खायला काही उरत नाही. काम वेळेत झालं तर याच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा उपाय नाही. मार्चमध्ये कापलेल्या जाळरेषेचा उपयोग किती, ते मार्चमध्येच कळतं.

बाल्कनीतून डोंगरावर आग दिसते आहे. फोन कुणाला?

वनविभागाची टोल फ्री हेल्पलाइन १९२६. वस्तीजवळ असेल तर १०१ किंवा ११२. जागा कुणाची, वनखात्याची की सिडकोची की महापालिकेची, याचा घोळ तुम्ही सोडवत बसू नका.

सांगताना "डोंगरावर आग लागलीय" एवढ्याने काम होत नाही. जवळची खूण सांगा: कुठल्या पाड्याच्या वर, कुठल्या नाल्याच्या डावीकडे, टॉवरच्या खाली की वर. आग चढते आहे की उतरते आहे, आणि खाली वस्ती आहे का, तेही. मोबाइलवरचं लोकेशन पाठवताना ते तुमच्या घराचं जातं, आगीचं नाही. नकाशावर बोट ठेवून डोंगरावरची जागा निवडा आणि ती पाठवा.

उपग्रहावरून आपोआप कळत नाही का?

कळतं, पण उशिरा आणि अर्धं. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या नोंदींवरून वणव्याचे इशारे काढतं आणि नोंदणी केलेल्यांना ते मोबाइलवर मिळतात. नोंदणी सामान्य माणसालाही करता येते. नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावरही ठिपके फुकट बघता येतात.

अडचण अशी की यातला व्हिआयआयआरएस हा सेन्सर असलेले उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास डोक्यावरून जातात, आणि त्यांच्या चित्रातला एक चौकोन ३७५ मीटरचा. दुपारी तीनला पेटून संध्याकाळी सातला विझलेली आग त्यात येईलच असं नाही. उलट एखादी वीटभट्टी वणवा म्हणून येऊ शकते. तुमच्या फोनची गरज त्यामुळे संपत नाही.

अग्निशमन दलाची गाडी खाली उभी राहते, वर का जात नाही?

वर रस्ता नाही आणि पाइप डोंगरमाथ्यापर्यंत पोचत नाही. खाली उभी राहून ती वस्ती वाचवते, तेच तिचं काम. वरची आग वनरक्षक, हंगामी अग्निरक्षक आणि पाड्यावरची माणसं हातानेच विझवतात. हिरव्या डहाळ्या, खराटे, आणि अलीकडे पाठीवर अडकवायचे ब्लोअर. ब्लोअर पाणी मारत नाही. तो समोरचा पाचोळा उडवून आगीसमोर मातीचा पट्टा उघडा करतो.

आमची पोरं उत्साही आहेत. विझवायला जाऊ का?

वनरक्षक किंवा गावातला जाणता माणूस पुढे असेल तर जा. नसेल तर जाऊ नका.

गेलात तर अंगावर जाड सुती कपडे, पायात बूट, डोक्याला ओला रुमाल. ट्रेकिंगचे चकचकीत नायलॉनचे टी-शर्ट घरी ठेवा, ते वितळून कातडीला चिकटतात. आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही. घळीत, म्हणजे दोन उतारांच्या बेचक्यात, शिरायचं नाही. ती धुराड्यासारखी आग वर ओढते. विझवायला सुरुवात बाजूने करायची, तोंडावर नाही, आणि जळून काळ्या झालेल्या जागेवर पाय ठेवून. आग फिरली तर मागे हटायला तीच जागा.

डहाळी कशी मारायची हेही शिकावं लागतं. नवखा माणूस ती डोक्यावरून उचलून आपटतो आणि निखारे मागच्या कोरड्या गवतात उडवतो. जाणता माणूस ती जमिनीलगत दाबतो, क्षणभर धरतो आणि जळलेल्या बाजूकडे ओढून घेतो. आवाजही वेगळा येतो, फटाफट नाही, दबका.

समोरून दुसरी आग लावून पहिली अडवायची युक्ती असते. ती जाणकारांची. व्हिडिओ बघून करायची नाही.

आग विझल्यावर निम्मी मंडळी सेल्फी काढून उतरतात. खरं काम त्यानंतर असतं. कडेने फिरून धुमसते बुंधे आणि शेण्या शोधायच्या. नाहीतर रात्री पुन्हा बोलावणं.

ट्रेकला गेलो आणि खालून धूर येताना दिसला तर?

वर पळू नका, आग तुमच्यापेक्षा वेगाने चढते. आडवे सरका आणि आगीच्या बाजूने बाहेर पडा. उघडा कातळ, नांगरलेलं शेत, पाण्याचं टाकं किंवा आधीच जळून गेलेला पट्टा गाठा. माहुली, सिद्धगड, गोरखगडसारख्या ठिकाणी फेब्रुवारीनंतर जाणारच असाल तर गावात सांगून जा आणि चूल पेटवायचा हट्ट सोडा. थर्मासमधल्या चहाने गड लहान होत नाही.

आमची सोसायटी डोंगराला चिकटून आहे. काय करावं?

कुंपणाच्या आतलं वाळलं गवत आणि पाचोळा दहा मीटरपर्यंत साफ ठेवा, तोही न जाळता. गोळा करा, खत करा. कुंपणाबाहेरची जमीन वनखात्याची असेल तर स्वतःहून कापायला जाऊ नका. डिसेंबरात लेखी पत्र द्या आणि जाळरेषा मागून घ्या, पोच घ्यायला विसरू नका. कुंपणालगत रंगाचे डबे, जुने सोफे, ताडपत्र्या, सिलिंडर असा संसार मांडलेला असतो, तो हलवा. गच्चीच्या पन्हाळ्यांतली पानं काढा, कारण ठिणगी तिथे येऊन बसते. माळ्याला सांगा की झाडलेला पाला पेटवायचा नाही. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे ५,००० रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,०००.

गावाकडे घर आहे, पेंढ्याची उडवी अंगणातच असते.

ती घरापासून आणि गोठ्यापासून लांब रचा आणि भोवती जमीन खरवडा. एक मोठी रचण्यापेक्षा अंतर ठेवून दोन लहान बऱ्या, म्हणजे एक गेली तरी बैल उपाशी राहत नाहीत. कुडाच्या, गवताने शाकारलेल्या घरांना तर एक ठिणगी पुरते. आंब्या-काजूच्या बागेभोवती नोव्हेंबरातच पट्टा कापा, आणि ठिबकचे पाइप गवताखाली पसरून ठेवू नका.

नोव्हेंबर-डिसेंबरात विळ्याने कापून वखारीला किंवा तबेल्याला विकलेलं गवत मार्चमध्ये जळत नाही. मजुरी परवडत नाही म्हणून डोंगर कापायचा राहतो, हे खरं दुखणं आहे. वणवा विझवण्यावर होणारा खर्च कापणीच्या मजुरीला वळवला तर निम्मे प्रश्न फेब्रुवारीपर्यंत येणारच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याने आपलं जंगल राखायचा अधिकार आहेच. ग्रामसभेने गवत कापणीचं नियोजन तिथे बसवावं.

विजेच्या तारांखाली आग लागली तर?

लांब राहा, पाणी मारू नका. दाट धुरातून वीज खाली उतरू शकते. महावितरणला १९१२ वर कळवा. तारांना घासणाऱ्या फांद्या आणि ट्रान्सफॉर्मरखालचं गवत यांची तक्रार आग लागायच्या आधीच करा.

धूर घरात येतोय.

खिडक्या बंद, दाराखाली ओला टॉवेल. लहान मुलं, म्हातारी माणसं, दमेकरी यांना उलट बाजूच्या खोलीत न्या. बाहेर पडावंच लागलं तर एन-९५ मास्क, पण तो धुरातले कण अडवतो, विषारी वायू नाही.

भाजलं तर?

वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, मग स्वच्छ कापड सैल गुंडाळा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. चिकटलेला कपडा ओढू नका. १०८ ला फोन.

कायद्याने काय होतं?

राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, संरक्षित जंगलाला कलम ३३ लागतं. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३० लागू होतं, आणि राष्ट्रीय उद्यानालाही तेच. म्हणजे येऊर त्यात आलं, तानसाही आलं.

कलम २६ मधलं एक पोटकलम गावांनी वाचून ठेवावं असं आहे: आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवू शकतं. काडी एकाने लावायची आणि भोगायचं सगळ्या गावाने. शिवाय कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे.

जागा मोकळी व्हावी म्हणून आग लावतात, असं ऐकतो.

ऐकतो सगळेच. पुरावा असेल तर फोटो, वेळ, जागा यांसह लेखी तक्रार करा. नुसता संशय ग्रुपवर टाकून कुणी पकडलं जात नाही. आणि एक लक्षात ठेवा, झाडं जळाली म्हणून वनजमीन वनजमीन राहत नाही असं होत नाही. तिचा दुसरा वापर करायला १९८० च्या कायद्याखाली केंद्राची परवानगी लागतेच.

आग लागली की बिबटे सोसायटीत येतात का?

बिबटे आगीशिवायही कडेकडेने फिरतात, भटक्या कुत्र्यांमागे. आगीच्या रात्री कुत्री आत बांधा, पोरांना अंधारात सोडू नका, बस्स. मोठी जनावरं बहुधा निसटतात. मरतात ती जमिनीलगतची. टिटवी, रातवा यांची अंडी मार्च ते मे उघड्या जमिनीवरच असतात, आणि तित्तराची पिल्लं पळून जाणार कुठे?

घर, बाग जळाली. भरपाई मिळते का?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग ही आपत्ती धरलेली आहे. तलाठ्याला लगेच कळवा, पंचनामा होईपर्यंत जळालेलं उचलू नका, फोटो काढा, पोलिसांत नोंद करा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा.

डोंगर जळाला. आता पावसाळ्यात झाडं लावायचा कार्यक्रम घेऊ का?

आधी थांबा. साग, पळस, ऐन यांना बुंध्यातून फुटवे येतात, आणि ते नव्या रोपांपेक्षा कितीतरी लवकर उभे राहतात, कारण मुळं तयार असतात. पहिलं वर्ष तिथे चराई थांबवा, उतारावर आडवे दगडी बांध घाला म्हणजे माती अडेल. एवढ्याने बरंच रान परत येतं. रोपं लावायचीच असतील तर जमीन ज्याची त्याची परवानगी घ्या आणि पाहुण्यांची यादी करण्याआधी दुसरी यादी करा: नोव्हेंबरात प्रत्येक रोपाभोवतीचं गवत कापायला कोण कोण येणार. त्या यादीत जेवढी नावं येतील तेवढ्यांना झेपतील इतकीच रोपं आणा.